'मी छत्री विसरली' की 'विसरलो'?

प्रश्न : स्पर्धा परीक्षेच्या सराव संचात 'शुद्ध वाक्य ओळखा' खाली हे दोन पर्याय आहेत : 'मी रामकुंडावर छत्री विसरली' आणि 'मी रामकुंडावर छत्री विसरलो'. उत्तरतालिकेत दुसरा बरोबर दिलाय. पण 'मी छत्री उघडली' चालतं, मग 'विसरली' का नाही?

उत्तर : घोळ 'मी'मुळे होतो. मी, तू, आम्ही, तुम्ही यांना 'ने' लागलेला दिसत नाही, त्यामुळे प्रयोग (क्रियापद कोणाप्रमाणे बदलतं ते) कळत नाही. 'मी' काढून तिथे 'तो' किंवा 'त्याने' घालून बघा. 'त्याने छत्री उघडली' : कर्मणी, क्रियापद कर्माच्या म्हणजे छत्रीच्या मागे जातं. 'तो छत्री विसरला' : कर्तरी, क्रियापद कर्त्याच्या मागे. म्हणून पुरुष म्हणेल 'विसरलो', बाई म्हणेल 'विसरले'. 'मी विसरली' बोलीत सर्रास ऐकू येतं आणि बोलीत ते चूकही नाही, पण पेपर प्रमाणभाषेचा असतो.

विसरणे, शिकणे, पिणे, जेवणे, बोलणे ही क्रियापदं कर्म घेऊनही भूतकाळात कर्तरीच राहतात : ती पाणी प्यायली, तो इंग्रजी शिकला. ही पाच पाठच करा, पेपर काढणारे हटकून इथेच गाठतात. 'म्हणणे' मात्र दोन्हीकडे जातं : 'तो म्हणाला', पण 'त्याने गाणं म्हटलं'.

दुसरं उत्तर : वरच्यात एक भर. कर्माला 'ला' किंवा 'ना' लागलाय का तेही बघा. 'त्याने छाटणीसाठी बायका बोलावल्या' बरोबर. 'बायकांना बोलावल्या' चूक, तिथे भावे प्रयोग (क्रियापद कर्ता किंवा कर्म कोणाच्याच मागे जात नाही), म्हणून 'बायकांना बोलावले'. 'फक्त पाचच पेट्या'सारखी द्विरुक्ती आणि 'चार पेट्या पाहिजे' (हवं 'पाहिजेत') या चुका वाचतानाच खटकतात, त्यांवर वेळ घालवू नका.

प्रश्न : आणि 'गंगापूरात धरण आहे' यात काय चुकलं? प्रयोग तर ठीक वाटतो.

उत्तर : प्रयोग ठीकच आहे, चूक लेखनाची. 'गंगापूर'मधला 'पू' दीर्घ, पण प्रत्यय लागला की उपान्त्य (शेवटून दुसरं) अक्षर ऱ्हस्व होतं : गंगापुरात, जसं गरीब-गरिबाला. शरीर, गीत असे तत्सम (संस्कृतातून जसेच्या तसे आलेले) शब्द याला अपवाद : शरीरात, गीतात. शासनमान्य लेखननियम 1962 चे 14 आणि 1972 चे 4, असे एकूण 18 आहेत. पर्यायांत फरक फक्त ऱ्हस्व-दीर्घाचा असेल तर प्रयोग शोधत बसू नका, थेट हे नियम लावा.