प्रतिसाद: माणसाचा स्वभाव गणितात बसतो का?

'प्रत्येक चालक वेगळा, मग संगणकावर वाहतूक कशी उभी करणार?' हा वाहतुकीच्या संगणकीय नकलेवरचा (सिम्युलेशनवरचा) आक्षेप रास्त आहे. पण प्रत्येकाचं मन ओळखावं लागतच नाही.

१९९२ मध्ये नागेल आणि श्रेकेनबर्ग या भौतिकशास्त्रज्ञांनी मांडलेलं वाहतुकीचं मॉडेल बघा. रस्ता म्हणजे साडेसात मीटरच्या चौकटींची रांग. नियम मोजके : जमेल तेवढा वेग वाढवा, पुढे गाडी असेल तर धडक होणार नाही इतका कमी करा, आणि अधूनमधून काही कारण नसताना थोडे मंदावा. हा शेवटचा नियम म्हणजेच माणूस! त्याची चुळबूळ, बेसावधपणा, नको तेव्हा दाबलेला ब्रेक. तो नियम काढला की आपोआप उगवणारी कोंडी नाहीशी होते. मला तरी ही गोष्ट फार सुंदर वाटते.

प्रत्यक्षातही हे दिसलंय. जपानमध्ये सुगियामा नावाच्या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी २३० मीटरच्या गोल मार्गावर २२ गाड्या एकाच वेगाने चालवायला सांगितल्या. सिग्नल नाही, अपघात नाही, तरी थोड्या वेळात कोंडी झाली आणि ती लाटेसारखी मागे सरकत राहिली. (निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले.) पुढे अमेरिकेत अशाच प्रयोगात वीसेक गाड्यांपैकी एकच स्वयंचलित ठेवली, तर तिच्या संथ, एकसारख्या चालीने लाटा विरल्या.

म्हणून रस्ता रुंद करण्याआधी पुढच्या गाडीपासून अंतर राखण्याच्या सवयीवर सिम्युलेशन करून पाहावं, असं मला मनापासून वाटतं. चौकातल्या कोंडीचं गणित मात्र वेगळं, तिथे सिग्नलच्या वेळा जास्त महत्त्वाच्या.