मदत हवी आहे: रेझिनच्या नॅट विमानाचे पंख कोणत्या गोंदाने जोडावेत?

नमस्कार,

माझे वडील हवाई दलात तंत्रज्ञ होते आणि १९७१ च्या युद्धाच्या वेळी ते नॅट विमानांच्या देखभालीवर होते. त्यांच्यासाठी मी नॅटच्या १:४८ प्रमाणातल्या छोट्या प्रतिकृतीचा रेझिन संच (साच्यात ओतलेल्या कडक रेझिनच्या भागांचा) जुळवायला घेतला आहे. प्लास्टिकचे संच मी बरेच जोडले आहेत. रेझिनचा मात्र हा पहिलाच, आणि त्याचे पंख आतापर्यंत दोनदा फसले आहेत. तिसऱ्यांदा हात घालण्यापूर्वी जाणकारांना विचारावे असे वाटले.

पहिल्या वेळी मी हाताशी असलेले प्लास्टिक सिमेंट लावले. दोन दिवस सांधा धरल्यासारखा वाटला, आणि तिसऱ्या दिवशी विमान उचलताच डावा पंख हातात आला. नंतर वाचल्यावर कारण कळले: हे सिमेंट म्हणजे खरे तर गोंद नव्हेच, तो द्रावक आहे. तो पॉलिस्टायरीनचे, म्हणजे नेहमीच्या संचांतल्या प्लास्टिकचे, दोन्ही काठ विरघळवतो आणि ते एकमेकांत मिसळून एकजीव होतात. या संचातले रेझिन पॉलियुरेथेनचे आहे, आणि त्यावर या द्रावकाचा तसा परिणाम होत नाही.

दुसऱ्या वेळी झटपट चिकटणारा पातळ सायनोअ‍ॅक्रिलेट वापरला. जुलैचा महिना होता, कोथरूडला आठवडाभर पावसाची झड लागलेली होती, आणि पंख नीट बसवण्याआधीच गोंद पकडून बसला. नॅटचे पंख धडाच्या वरच्या अंगाला असतात आणि टोकांकडे किंचित खाली झुकतात. माझा डावा पंख जवळजवळ आडवा राहिला. वडिलांनी विमान डोळ्यांच्या रेषेत धरले आणि लगेच म्हणाले, "अरे, हा पंख उतरता हवा." शिवाय सांध्याच्या आजूबाजूला, कॉकपिटच्या कडेपर्यंत, पांढरी भुकटी बसल्यासारखा थर आला आहे. पंख पुन्हा काढायचा आहेच.

माझी मुख्य अडचण पंखांची आहे. पंखाचा सपाट काठ धडाच्या सपाट बाजूला नुसता टेकतो. अडकायला खाच नाही की खुंटी नाही. भरीव रेझिनचा पंख प्लास्टिकच्या पोकळ पंखापेक्षा चांगलाच जड आहे. अशा ठिकाणी घट्ट सायनोअ‍ॅक्रिलेट पुरेल, की दोन ट्यूब मिसळून वापरायचा इपॉक्सीच घ्यावा? संचात चाकांचे पाय पांढऱ्या धातूचे आहेत आणि कॉकपिटचे झाकण पातळ पारदर्शक प्लास्टिकचे आहे. त्यांना वेगळा गोंद लागेल का? आणि आधीचा चिकटलेला सांधा रेझिन न दुखावता कसा सोडवावा?

प्रतिसाद

आधी एक विचारतो: जोडण्यापूर्वी भाग धुतले होते का? रेझिनचे भाग सिलिकॉन रबराच्या साच्यात ओततात आणि ते सहज सुटावेत म्हणून साच्याला तेलकट लेप देतात. तो लेप भागांवर राहिला तर कोणताही गोंद वरवरच पकडतो. कोमट पाण्यात भांडी घासायचा साबण घालून जुन्या टूथब्रशने प्रत्येक भाग घासा आणि पूर्ण वाळू द्या. त्यानंतर फक्त सांध्याचे काठ पॉलिश पेपरने खरवडा. घासताना पेपर ओला ठेवा आणि तोंडाला मास्क लावा, कारण रेझिनची धूळ फुप्फुसात जाऊ देण्यासारखी नसते.

जुन्या सांध्यासाठी विमान पिशवीत बंद करून काही तास फ्रीजरमध्ये ठेवा. थंडीने सायनोअ‍ॅक्रिलेट ठिसूळ होतो आणि हलक्या हाताने वळवल्यावर बहुधा सुटतो. अ‍ॅसिटोनने हा गोंद विरघळतो हे खरे असले, तरी काही रेझिन त्याने मऊ पडतात, म्हणून तुमच्या विमानावर तो वापरू नये असे माझे मत आहे.

पंखांसाठी मी निःसंशय इपॉक्सी सुचवेन, तोही सावकाश घट्ट होणारा. सायनोअ‍ॅक्रिलेट ओढ चांगली सहन करतो, पण धक्का बसला किंवा सांधा सोलला गेला की तडकतो, आणि तुमचा पंख नेमका तसाच लोंबता भार देणार. तो हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो, म्हणून पुण्याच्या पावसाळ्यात तुम्हाला उसंत मिळाली नाही. पांढरा थरही त्याचाच: गोंदाची वाफ ओलाव्याशी संयोग पावून जवळच्या पृष्ठभागावर बसते. तो थर ओल्या पॉलिश पेपरने निघेल, आणि पुढे रंगाखाली त्याचा मागमूस राहणार नाही.

मात्र नुसत्या इपॉक्सीवरही विसंबू नका. आत तार घाला. रविवार पेठेत, बोहरी आळीच्या परिसरात, एक मिलिमीटरच्या आसपास जाडीची पितळी तार मिळेल. हातड्रिलने प्रत्येक पंखाच्या काठात दोन भोके पाडा. एकच तार असेल तर पंख तिच्याभोवती फिरतो. तारांच्या टोकांना रंगाचा ठिपका लावून पंख धडाला टेकवा, म्हणजे समोरची भोके कुठे पाडायची ते उमटेल. गोंद लावण्यापूर्वीच तार किंचित वाकवून पंखाचा उतार ठरवता येतो, आणि तुमच्या बाबतीत हाच सर्वात मोठा फायदा आहे. अ‍ॅराल्डाइटच्या दोन ट्यूबमधून सारख्या मापाने घेऊन नीट मिसळा आणि विमान रात्रभर आधार देऊन ठेवा.

धातूच्या पायांनाही हाच इपॉक्सी चालेल. सायनोअ‍ॅक्रिलेट टाकून देऊ नका, लहानसहान भागांना तोच सोयीचा आहे.

दुसरा प्रतिसाद

वरील सल्ल्याशी सहमत आहे. पारदर्शक झाकणाजवळ मात्र सायनोअ‍ॅक्रिलेट अजिबात नेऊ नये, त्याच्या वाफेने झाकण कायमचे धुरकट होते. तिथे साधे फेविकॉल बारीक काडीने लावावे. ते वाळल्यावर पारदर्शक होते आणि चुकले तर ओल्या कापसाने पुसता येते. पंख मुळातच वाकडा निघाला असेल, तर तो गरम पाण्यात मिनिटभर बुडवून हाताने सरळ करावा आणि लगेच थंड पाण्यात धरावा.

धागाकर्ता

आपल्या दोघांचे मनापासून आभार. भाग धुतले नव्हते, हे मान्य करतो. प्लास्टिकच्या संचांना ती गरज कधी भासली नव्हती. विमान आज रात्री फ्रीजरमध्ये ठेवतो आहे आणि रविवारी तार आणायला जाईन. उताराचे माप वडिलांनी जुन्या छायाचित्रावर पट्टी ठेवून पुठ्ठ्यावर कापून दिले आहे. तो पुठ्ठा पंखाखाली ठेवूनच तार वाकवेन. एवढेच विचारायचे राहिले: पंखाच्या मुळाशी रेझिन साधारण चार मिलिमीटर जाड आहे, तिथे एक मिलिमीटरचे भोक पाडताना काठ फुटण्याची भीती आहे का, की त्याहून बारीक तार घ्यावी?