ब्रिटनमध्ये एकट्याने गाडी चालवताना : तुमचे अनुभव

रानजाई
आज ताम्हिणीत अरुंद जागी दोन गाड्या समोरासमोर आल्या. दोघंही हॉर्नवर हात ठेवून, मागे कोणीच घेईना. आमच्यामागे ही रांग! तेव्हा स्कॉटलंडमधला अ‍ॅपलक्रॉसचा रस्ता आठवला. बेलाख ना बा नावाचा घाट, ६२६ मीटर उंचीपर्यंत चढतो आणि रुंदी एकाच गाडीपुरती. हे गेल्यानंतर लेकीकडे गेले होते. तिची सुट्टी संपली, मग भाड्याची गाडी घेऊन मी एकटीच उत्तरेला निघाले. त्या रस्त्यांवर थोड्याथोड्या अंतरावर 'पासिंग प्लेस', म्हणजे बाजूला होऊन वाट द्यायच्या जागा असतात. आपल्या डावीकडे असेल तर आत शिरायचं, उजवीकडे असेल तर तिच्यासमोर आपल्याच बाजूला थांबून राहायचं. चढणाऱ्याला आधी वाट. आणि प्रत्येक जण जाताना हात वर करतो. दिवसभर कोणाशी बोलणं नव्हतं, पण त्या हातांमुळे एकटं वाटलं नाही.
तुम्हीही लिहा.

घाटवाट
चढणाऱ्याला आधी वाट हा नियम आपल्याकडेही आहे हो. पाळतो कोण! वरंध्यात एसटीवाले मात्र समजून घेतात, हे सांगायलाच हवं.

मनीमाऊ
ताई, वाचून डोळे भरले. एकटीने निघालात हेच केवढं मोठं.
(बाकी नंतर लिहिते, कुकर लावलाय)

अनवट
हार्डनॉट पास हा घाट, उत्तर इंग्लंडमधल्या लेक डिस्ट्रिक्टमधला. १:३ चढ. पहिल्या गिअरमध्येच वर गेलो, क्लचचा वास येत होता. घाटातच रोमन किल्ल्याचे अवशेष आहेत, सम्राट हेड्रियनच्या काळातले. वाऱ्यात उभं राहवत नाही, आणि इथे शिपाई पहारा देत होते! आपल्या गडांवरचे पहारेकरी आठवले, पावसाळ्यात त्यांचे काय हाल होत असतील.

खादाडभाऊ
शाकाहारी लोकांनी काय खाल्लं ते सांगा आधी.

रानजाई
@खादाडभाऊ जॅकेट पोटॅटो (सालासकट भाजलेला बटाटा) आणि बीन्स, जवळजवळ कुठेही मिळतं. शिवाय लेकीने दिलेले मेथीचे ठेपले. खेड्यात घराबाहेर अंड्यांची पेटी ठेवलेली असते. पैसे डब्यात टाकायचे, अंडी घ्यायची, राखायला कोणी नाही.

खादाडभाऊ
अंडी शाकाहारी का 😀 पुण्यात यावरून वेगळा धागा होईल.

सागरलाट
इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या लिंडिसफार्न बेटाला गाडीने जाणार असाल तर भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघितल्याशिवाय निघू नका. रस्ता दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो. अडकलेल्यांसाठी मध्येच खांबांवर एक खोपटं बांधलंय, त्यावरून काय ते समजा. मी अलिबागची, कुलाबा किल्ल्याला ओहोटीत चालत जाणारी, त्यामुळे अगदी घरच्यासारखं वाटलं.

दूरदेशी
वेल्समध्ये सप्टेंबर २०२३ पासून वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर ताशी २० मैलांची मर्यादा आहे. मैल, किलोमीटर नाही! पेट्रोल मात्र लिटरवर, त्यामुळे आपल्या सवयीचं अ‍ॅव्हरेज काढताना डोकं दुखतं.
आणि लंडनमध्ये गाडी घेऊच नका. ट्यूबने (तिथली मेट्रो) चॉक फार्मला उतरा, तिथून चालत किंग हेन्रीज रोडवर डॉ. आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहिले ते घर बघा. महाराष्ट्र सरकारने २०१५ साली विकत घेतलंय.

मनीमाऊ
आले परत. जूनमध्ये उत्तर स्कॉटलंडमधल्या डरनेसला होतो, रात्री साडेदहालाही बाहेर वाचता येईल इतका उजेड. पोरं झोपेचनात. मी एकटी नव्हते, तरी लिहिलं, चालेल ना?

रानजाई
अगं चालेल काय, लिही की!

घाटवाट
स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या जॉन ओ'ग्रोट्स गावच्या पाटीपाशी फोटो काढून परत फिरू नका. ब्रिटनच्या मुख्य भूमीचं सर्वात उत्तरेचं टोक डनेट हेड. गाडीने जवळच आहे आणि समुद्र बघायला जागाही जास्त चांगली.

अनवट
+१. वाटेत मेंढ्या रस्त्यातच बसलेल्या असतात, वेग कमी ठेवा.

नवखा_चालक
सगळ्यांचं वाचतोय. आपलं लायसन्स तिकडे चालतं का?

दूरदेशी
पर्यटक म्हणून १२ महिन्यांपर्यंत चालतं. गाडी भाड्याने देणाऱ्यांच्या अटी मात्र वेगळ्या असतात, बुकिंगआधी विचारा. कधी निघताय?

नवखा_चालक
मे महिन्यात. आईला अजून सांगितलं नाहीये.

मनीमाऊ
आधी आईला सांग बाळा 🙂