‘रेसिपी’ आणि ‘रिसीट’

असा प्रश्न विचारला जातो की जुन्या इंग्रजी पाककृतींच्या वह्यांवर ‘रेसिपी’ऐवजी ‘रिसीट’ असे का लिहिलेले आढळते. ती लेखनातली चूक नाही. दोन्ही शब्द ‘घेणे, स्वीकारणे’ या अर्थाच्या एकाच लॅटिन धातूपासून आले असून, त्यांतला ‘रेसिपी’ हा मुळात नामच नव्हता, तर ‘घे’ असे आज्ञार्थी क्रियापद होते. वैद्य औषधाची चिठ्ठी लिहिताना आरंभी हा शब्द घालत आणि त्याखाली अमुक चूर्ण इतके, तमुक अर्क इतका, अशी घटकद्रव्ये मांडत. आजही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर डावीकडे आर या अक्षराच्या तिरक्या पायाला छेद देणारी जी रेघ दिसते, ती याच शब्दाच्या संक्षेपाची खूण आहे. (तिचा संबंध गुरू ग्रहाच्या चिन्हाशी जोडणारी कथा रंजक आहे, पण मला ती ओढूनताणून आणलेली वाटते.)

स्वयंपाकाच्या कृतीसाठी इंग्रजीत आधी ‘रिसीट’ रूढ होते. ‘रेसिपी’ला तो अर्थ अठराव्या शतकात मिळाला आणि पुढे ‘रिसीट’कडे पैसे मिळाल्याची पावती एवढेच काम उरले. जर्मन ‘रेत्सेप्ट’ आणि इटालियन ‘रिचेत्ता’ हे शब्द मात्र औषधाची चिठ्ठी व पाककृती या दोहोंसाठी अजूनही चालतात. गंमत अशी, की आपल्या ‘पाककृती’त कृतीवर भर असला, तरी ती लिहिताना आपणही ‘दोन वाट्या बेसन घ्यावे’ असाच आरंभ करतो.