मदत हवी आहे: अकाली जन्मलेल्या बाळाचा एमआरआय, झोपेचं औषध न देता

३० आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळांचा मेंदूचा एमआरआय गर्भातले आठवडे धरून ४० आठवडे भरल्यावर करतो. दूध पाजायचं, दुपट्यात घट्ट गुंडाळायचं, कानांत बोळे, वर इअरमफ, डोक्याच्या दोन्ही बाजूंना फोम. झबलं नाडीचंच हवं, धातूचं प्रेस-बटण अजिबात नको. पल्स ऑक्सिमीटर एमआरआयला चालणारा.

टी-वन, टी-टू या मेंदूची रचना दाखवणाऱ्या प्रतिमा छान येतात. डिफ्यूजन (मेंदूतल्या पाण्याच्या हालचालीवरून घेतलेली प्रतिमा) सुरू झालं की आवाज बदलतो, टेबल थरथरतं, बाळ दचकून जागं होतं. मग शेवटी ठेवलेलं एसडब्ल्यूआय (बारीक रक्तस्राव टिपणारी प्रतिमा) हललेलं येतं आणि लहान मेंदूतला बारीक रक्तस्राव आहे की नाही, सांगता येत नाही. पुढच्या टाळूवरून केलेल्या सोनोग्राफीत तो सहज निसटतो. कानामागच्या मॅस्टॉइड फटीतून पाहिलं तर बरा दिसतो, पण मेंदूच्या पांढऱ्या द्रव्यातले ठिपक्यांएवढे डाग तिथूनही नीट कळत नाहीत. म्हणून एमआरआय वाया जाणं परवडत नाही.

एसडब्ल्यूआय आधी घ्यावं का? डिफ्यूजनच्या दिशा (पाण्याची हालचाल जितक्या दिशांनी मोजतो त्या) कमी केल्या तर इंटर्नल कॅप्सूलच्या (हालचालींचे मज्जातंतू जातात तो मेंदूतला पट्टा) मागच्या भागाचं मोजमाप भरवशाचं राहतं का? दूध पाजल्यावर किती मिनिटांनी बाळ टेबलवर घेता? क्रम आणि वेळांसकट कळवा.