आईने बीपीची गोळी मनानेच बंद केलीये, काय करू?

रानफूल:
आई ६४ वर्षांची आहे, ३ वर्षांपासून टेल्मिसार्टन ४० चालू होती. दिवाळीनंतर घरच्या मशीनवर १२४/७८ आलं तर म्हणाली आता बरं झालंय, कशाला उगाच गोळ्या खायच्या, आणि कोणाला न सांगता बंदच करून टाकली. काल मला कळलं. लगेच मोजलं तर १५८/९४, परत १४६/९०, परत १५२/९२, यातलं खरं कुठलं धरायचं? तिला डोकेदुखी नाही चक्कर नाही म्हणून ती ऐकतच नाहीये. जेवताना वरून मीठ आम्ही घेत नाही. दुसरं औषध कुठलं नाही, गुडघे दुखले की मेडिकलमधून गोळी आणते तेवढंच. आजीला अर्धांगवायू झाला होता त्यामुळे मला रात्री झोप लागली नाही.

सातारकर:
ताई, १२४ आलं ते गोळी चालू होती म्हणून. माझ्या वडिलांनी हेच केलं होतं, त्यांनाही काही त्रास होत नव्हता, आणि एका सकाळी चहाचा कप हातातून गळून पडला. बीपी आतल्या आत रक्तवाहिन्या, किडनी, डोळे खराब करत असतं, माणसाला पत्ता लागत नाही. गोळी कमी करायची की बंद ते डॉक्टर ठरवतील. आजच फोन करा त्यांना. खर्चाचा प्रश्न असेल तर सरकारी आरोग्य केंद्रात बीपीच्या गोळ्या फुकट मिळतात.

निवांत७२:
एका आकड्यावर जाऊ नका. चहानंतर अर्धा तास थांबायचं, लघवीला जाऊन यायचं, पाठ टेकून पाय जमिनीवर ठेवून ५ मिनिटं गप्प बसायचं, हात टेबलावर छातीच्या उंचीला, पट्टा उघड्या दंडावर. मिनिटभराच्या अंतराने दोनदा, सकाळ संध्याकाळ, ७ दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा, घरी १३५/८५ किंवा वर येत असेल तर जास्तच. आणि मिठाचं म्हणाल तर वरून नाही घेतलं तरी लोणचं, पापड, फरसाण, खारी यातून जातंच की. दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅम म्हणजे एक छोटा चमचा, त्याच्या आत हवं. सैंधवही मीठच आहे.

दवाखान्यातली:
मी नर्स आहे. ती गुडघ्याची गोळी कुठली ते आधी बघा! डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन असल्या गोळ्यांनी अंगात मीठ पाणी साठतं आणि बीपी चढतं, आणि टेल्मिसार्टनबरोबर नेहमी घेतल्या तर किडनीवर ताण येतो. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी नीट चालतेय का ते यावरून कळतं) आणि पोटॅशियम तपासून घ्या. ते लो सोडियम मीठ पण विचारल्याशिवाय आणू नका, त्यात पोटॅशियम असतं आणि टेल्मिसार्टननेही ते वाढतं. तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, छातीत दुखणं, दम लागणं यातलं काही झालं तर आकडा बघत बसू नका, १०८ ला फोन.

रानफूल:
आत्ता आईचा डबा उघडून बघितला, डायक्लोफेनॅकच आहे, आणि अधूनमधून कसलं, रोज एक घेतेय गेले ४ महिने. डॉक्टरांशी बोलले, ती बंद करायला सांगितलीये, टेल्मिसार्टन आजपासून परत सुरू, सोमवारी तपासणीसाठी रक्त द्यायला जातोय. सातारकर दादा, तुमच्या वडिलांचं तिला वाचून दाखवलं. काही बोलली नाही पण गोळी घेतली माझ्यासमोर.