मेगाहर्ट्झचा आकडा आणि हातातला वेग

४०० मेगाहर्ट्झचे यंत्र २०६ मेगाहर्ट्झच्या यंत्रापेक्षा जवळपास दुप्पट वेगाने चालायला हवे, हे गणित कागदावर बिनचूक असले, तरी २००२ साली पॉकेट पीसी (मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीवर चालणारे, हातात मावणारे संगणक) घेणाऱ्यांना त्याचा फारसा प्रत्यय आला नाही. २०६ मेगाहर्ट्झच्या स्ट्राँगआर्म प्रोसेसरच्या जागी इंटेलचा ४०० मेगाहर्ट्झचा पीएक्सए२५० आला, परंतु पॉकेट पीसी २००२ ही प्रणाली आर्म जातीच्या प्रोसेसरांच्या जुन्या आज्ञासंचासाठीच बांधलेली होती, त्यामुळे नव्या प्रोसेसरच्या सुधारणांचा तिला लाभ मिळत नसे. शिवाय नव्या प्रोसेसरची आतली बस (माहिती वाहून नेणारा मार्ग) १०० मेगाहर्ट्झवरच असल्यामुळे मेमरीतून माहिती येईपर्यंत तो नुसता ताटकळत बसे. पुढच्या पीएक्सए२५५ मध्ये इंटेलने कमाल वेग ४०० वरच ठेवून ही बस २०० वर नेली, यातच सारे आले.

याउलट पाम कंपनीच्या एम५०५ या हातातल्या संगणकाचा ड्रॅगनबॉल प्रोसेसर अवघ्या ३३ मेगाहर्ट्झचा (हल्ली हा आकडा सांगितला तर कोणी विश्वास ठेवणार नाही), तरी डेटबुकचे (त्यातल्या दैनंदिनीचे) बटण दाबताच दिवसभराची कामे पडद्यावर हजर होत, कारण प्रोग्राम मेमरीत जिथे साठवलेला असे, तिथूनच तो चाले आणि आधी तो दुसरीकडे उतरवून घेण्याचा खटाटोप नसे. चित्रफिती पाहायच्या असतील, तर मात्र आयपॅकसारखा पॉकेट पीसीच सोयीचा.